चिठ्ठीतली शेवटची ओळ

डॉक्टरांच्या चिठ्ठीला एक ठरलेला क्रम असतो. वर अँटिबायोटिक, खाली दुखण्याची गोळी, मग त्या गोळीनं पोट बिघडू नये म्हणून ॲसिडिटीची कॅप्सूल. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या जरा वर, एक नाव. बाकीची औषधं पाच दिवसांची, हे मात्र महिनाभर. तालुक्याच्या गावात तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहिल्यावर ती शेवटची ओळ मी न वाचताच काढून द्यायला लागलो होतो. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कशाची?" मी म्हणायचो, "ताकदीची." ती असायची अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल, म्हणजे ऑक्सिजनमुळं शरीरात होणारी मोडतोड रोखते म्हणतात ती. पण अँटिऑक्सिडंट म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ताकदीची म्हटलं की येत नाही.

बिल पाचशेच्या वर गेलं की गिऱ्हाईक काउंटरवर पैसे मोजतं आणि म्हणतं, "काहीतरी कमी करा." काय कमी करू? "ताकदीची राहू द्या. ह्या बाकीच्या दोन-दोन दिवसांच्या द्या." म्हणजे अँटिबायोटिक अर्धवट आणि ताकदीची कॅप्सूल पूर्ण. मी समजावून पाहायचो. कधी ऐकायचे, बहुतेकदा नाही, आणि दुकानात गर्दी असली की मीही नाद सोडून द्यायचो. कॅप्सूलवर दहा पट्ट्यांमागे तीन फुकट अशी स्कीम असायची, हेही इथंच कबूल करतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला ठरावीक कारण नाही त्याच्या चिठ्ठीत ही ओळ असू नये, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या चिठ्ठीत तर ती धोक्याची आहे. हे सांगायला नव्या शोधाची गरज नाही. तीस वर्षांपूर्वीच ते कळून चुकलं आहे. कळूनही पट्टीवर ते छापलं जात नाही, वाद त्याबद्दल आहे.

मुळात कल्पना वाईट नव्हती. अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीनं राहतात. एखाद्या रेणूतला इलेक्ट्रॉन एकटा पडला की तो रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. या एकट्या इलेक्ट्रॉनवाल्यांना मुक्त मूलकं, म्हणजे फ्री रॅडिकल्स म्हणतात. आपण श्वासात घेतलेला ऑक्सिजन पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियात वापरला जातो तेव्हा त्यातला थोडा अशा रूपात निसटतो. डेनहॅम हार्मन हा शेल कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करून नंतर डॉक्टर झालेला माणूस. त्यानं १९५६ साली मांडलं की म्हातारपण म्हणजे या मूलकांनी केलेल्या मोडतोडीची साठत गेलेली बाकी. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम काय करतं ते दाखवलं. सुपरऑक्साइड नावाचं मूलक पकडून त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करणं हेच त्याचं काम. त्यापुढची विल्हेवाट कॅटालेजसारखी दुसरी एन्झाइम्स लावतात. म्हणजे शरीराकडं स्वतःचा बंदोबस्त आधीपासून आहे. तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर गुडघा खरचटलेल्या पोराच्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून बघा. पांढरा फेस येतो ना, ते रक्तातलं आणि पेशींमधलं कॅटालेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करत असतं, त्याचे बुडबुडे. एका सेकंदात. ती बाटली मी हजारोंनी विकली असेल, पण हा फेस म्हणजे शरीराच्या घरच्या अँटिऑक्सिडंटचं काम आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं मला कधी सुचलं नाही.

मोडतोड जास्त आणि बंदोबस्त कमी, अशी स्थिती आली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मधुमेह, धूम्रपान, जुनाट सूज, हृदयविकार या सगळ्यांत ती सापडते. इथपर्यंत शास्त्र पक्कं आहे. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना कर्करोग आणि हृदयविकार कमी होतात असं पाहण्यांमधून दिसत होतं, आणि भाज्या-फळांत अँटिऑक्सिडंट असतात. पुढचं वाक्य कुणीही पूर्ण करेल: ते अर्कानं काढा, कॅप्सूलमध्ये भरा, द्या. लायनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला माणूस १९७० पासून क जीवनसत्त्वाचे ग्रॅमच्या ग्रॅम घ्या म्हणून सांगत होता, तेव्हा बाकीच्यांनी कशाला थांबायचं?

आणि हे सगळं विकायला एक उपमा हाताशी होती: गंज. कापलेलं सफरचंद काळं पडतं, लोखंड गंजतं, तसं शरीर गंजतं. एम.आर. लोकांच्या, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या, गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिकेत गंजलेल्या खिळ्याचं चित्र हमखास असायचं. उपमा चांगली असली की माणूस पुढं तपासत नाही. खिळा स्वतःहून काही करत नाही, तो नुसता पडलेला असतो. पेशी पडलेली नसते.

फिनलंडच्या लोकांनी मात्र तपासलं. १९८५ पासून ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ पुरुषांवर, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजराला रंग देणारं अँटिऑक्सिडंट), काहींना ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई (हेही अँटिऑक्सिडंटच), काहींना दोन्ही, काहींना नुसती बिनऔषधाची कॅप्सूल. फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल ही अपेक्षा. १९९४ साली निकाल छापून आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रुग्ण, न घेणाऱ्यांत ४०२. म्हणजे १८ टक्के जास्त. व्हिटॅमिन ई मुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाला काही फरक नाही.

लोक म्हणाले, योगायोग असेल. अमेरिकेत त्याच वेळी दुसरा प्रयोग चालू होता. धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले असे १८,३१४ लोक, रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्व. जानेवारी १९९६ मध्ये तो ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी बंद करावा लागला. कॅप्सूल घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त, एकूण मृत्यू १७ टक्के जास्त. औषध निरुपयोगी निघालं म्हणून प्रयोग थांबवणं नेहमीचं आहे. इथं माणसं जास्त मरत होती.

आता आपल्याकडच्या त्या लोकप्रिय हिरव्या कॅप्सूलकडं या. व्हिटॅमिन ई, ४०० मिलिग्रॅम. कॉलेजच्या मुली सुईनं टोचून चेहऱ्याला लावतात, बायका तेलात मिसळून केसांना, आणि पायात गोळे येतात म्हणून आजोबा गिळतात. चिठ्ठीशिवाय सर्रास जाते. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथल्या ३५,५३३ पुरुषांवर जवळपास एवढ्याच मात्रेचा, रोज ४०० युनिटचा प्रयोग झाला. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का ते पाहायला. फायदा दिसत नाही म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या, माणसांवर लक्ष मात्र ठेवलं. २०११ ला आकडे आले: सात वर्षांत, बिनऔषधाच्या गटात हजारी ६५ जणांना प्रोस्टेटचा कर्करोग, व्हिटॅमिन ई च्या गटात हजारी ७६. केसांना लावणाऱ्या मुलीला यानं काही होणार नाही. रोज गिळणाऱ्या साठीच्या आजोबांना मात्र हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी बहुधा मी होतो.

असे प्रयोग शेकड्यानं झाले. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ७८ प्रयोग आणि जवळजवळ तीन लाख माणसं एकत्र मोजली. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही, आणि बीटा कॅरोटीन व व्हिटॅमिन ई नं मृत्यू थोडे वाढत असावेत असं त्यात निघालं.

असं उलटं का व्हावं? गंजाच्या उपमेत याचं उत्तर सापडत नाही, कारण मूलकं शरीराची नुसती घाण नाहीत. ती शरीराला कामालाही लागतात. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात तेव्हा त्याला मारायला सुपरऑक्साइडच तयार करतात, आणि त्यापासून पुढं आपण पाण्याच्या टाकीत टाकतो त्याच जातीचं क्लोरीनयुक्त ॲसिड. ज्या मुलांच्या पेशींना जन्मतः हे जमत नाही ती वारंवार जंतुसंसर्गानं आजारी पडतात. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात, ती रक्तवाहिनी सैल करते ती नायट्रिक ऑक्साइडमधून. आणि नायट्रिक ऑक्साइड हे स्वतः मुक्त मूलक आहे. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. एकाच चिठ्ठीत वरच्या ओळीत मूलक तयार करणारी गोळी आणि खालच्या ओळीत मूलकांचा नायनाट करणारी, हा प्रकार मी कित्येकदा हातानं बांधून दिला आहे.

व्यायामाचंही तसंच. जर्मनीत २००९ मध्ये चाळीसेक तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई. व्यायामानं इन्सुलिन जास्त चांगलं काम करायला लागतं, म्हणून तर मधुमेह्याला चालायला सांगतात. तो फायदा गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला, घेणाऱ्यांना मिळाला नाही. स्नायूत व्यायामानं तयार होणारी मूलकं हाच पेशींना दिलेला इशारा असतो, की बंदोबस्त वाढवा. बाहेरून गोळी घातली की इशारा पोचतच नाही. आमच्या गावात सकाळी साखर कारखान्याच्या रस्त्यावर चालणारी मंडळी परतताना दुकानात येत आणि कॅप्सूल तिथंच पाण्याबरोबर घेत, ते आठवतं. तिन्ही मजले चढून गच्चीवरून परत खाली यावं तसं.

कर्करोगाचं तर जास्तच गंभीर आहे. रेडिएशन पेशी मारतं ते बऱ्याच अंशी मूलकांच्या मदतीनं. कॅनडात क्वेबेकमध्ये तोंड-घशाच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना रेडिएशनच्या वेळी आणि नंतर व्हिटॅमिन ई दिलं, त्रास कमी व्हावा म्हणून. बीटा कॅरोटीनही होतं, ते वरच्या अमेरिकी प्रयोगाची बातमी आल्यावर मध्येच काढलं. पुढं पाहणीत व्हिटॅमिन ई घेतलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले. महाराष्ट्रात तंबाखू आणि सुपारीमुळं तोंडाच्या कर्करोगाची कमी नाही. सुपारीनं तोंड उघडेनासं झालं की त्यावर याच कुटुंबातल्या कॅप्सूल लिहिल्या जातात, आणि पुढं गाठ निघून 'शेक', म्हणजे रेडिएशन, सुरू झाला तरी घरातलं कुणी त्या बंद करत नाही, कारण त्या 'ताकदीच्या' असतात. शेक देणाऱ्या डॉक्टरांना कुणी विचारतही नाही. औषध असतं तर विचारलं असतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. ती बाजू पोकळ नाही. एक डॉक्टर मित्र मला म्हणाला, "फिनलंडचे लोक खाऊन-पिऊन सुखी. आपल्याकडं माणूस भाकरी-ठेच्यावर जगतो, त्याला कमतरता असणारच." या युक्तिवादाला आधार आहे. चीनमधल्या लिनशियान भागात, जिथं लोकांच्या पोटात पोषण कमी आणि अन्ननलिका-जठराचे कर्करोग फार, तिथं जवळजवळ तीस हजार लोकांपैकी निम्म्यांना बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम पाच वर्षं थोड्या मात्रेत दिलं. १९९३ च्या निकालात एकूण मृत्यू ९ टक्के कमी झाले होते. म्हणजे उपाशी शरीराला जे कमी आहे ते दिलं तर उपयोग होतो. यात आश्चर्य नाही, जीवनसत्त्वाची व्याख्याच ती.

पण मग कॅप्सूल नेतो कोण? माझ्या काउंटरवर ती नेणारा भाकरी-ठेचेवाला क्वचित असायचा, आणि जो असायचा तो अँटिबायोटिक कमी करून न्यायचा. महिन्याला दोन-तीनशे रुपये घालणारा बहुतेक पगारदार, दुकानदार, बागायतदार. ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांची कमतरता कशाची हेही पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. त्यांना लागतं ते लोह. आणि गंमत अशी की लोह हे मूलकं वाढवणाऱ्यांतलं आहे, पेरॉक्साइडशी गाठ पडली की त्यातून सगळ्यात आक्रमक मूलक तयार करणारं. गंजाचं शास्त्र सरळ लावलं तर या बायकांना लोहापासून लांब ठेवायला हवं. अर्थात कुणी ठेवत नाही, ठेवूही नये. सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी फुकट मिळते. तिनं शी काळी होते म्हणून ती पडून राहते, आणि वर विकतची चकचकीत पट्टी आणली जाते.

मी सरसकट विरोधात नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज ठरावीक टप्प्यावर असेल तर ठरावीक मिश्रणानं ती हळू होते, हे अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात सिद्ध झालं आहे. त्या मिश्रणातलं बीटा कॅरोटीन नंतर काढून ल्यूटिन हे दुसरं रंगद्रव्य घातलं, कारण सिगारेट ओढणाऱ्यांची भीती. पॅरासिटामॉल भरमसाट गिळलेल्या माणसाचं यकृत वाचवायला देतात ते ॲसिटिलसिस्टीन ग्लुटाथायोनचा, म्हणजे शरीराच्या आणखी एका घरच्या अँटिऑक्सिडंटचा, साठा परत भरून देतं, आणि त्यानं माणसं वाचतात. रोग ठरलेला, मात्रा ठरलेली, मुदत ठरलेली. औषध असंच असतं. ग्लुटाथायोन शिरेतून घेऊन गोरं व्हायचं, हे मात्र यात बसत नाही. तो आपल्या जुन्या गोरेपणाच्या रोगाचा नवा धंदा आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

कोविडच्या दिवसांत क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या आमच्याकडं बरणीतून सुट्या विकाव्या लागल्या, इतकी झुंबड. २०२१ मध्ये २१४ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, क आणि झिंक भरपूर मात्रेत देऊन. बरं व्हायला लागणाऱ्या दिवसांत फरक नाही. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेनं सुचवलेली क जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. आठवडी बाजारातला एक बऱ्यापैकी पेरू ती भागवतो. गोळी ५०० ची. त्यातलं बरंचसं लघवीवाटे जातं. आवळा, कोकम, हळद यांच्यावरही आता 'अँटिऑक्सिडंटयुक्त' असं छापायला लागले आहेत, जणू त्याशिवाय सोलकढी पिण्यात काही अर्थ नव्हता. अन्नातली अँटिऑक्सिडंट क्षमता परीक्षानळीत मोजून केलेली यादी अमेरिकेच्या कृषी खात्यानं स्वतःच २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. नळीतलं पोटात होतंच असं नाही, हे त्यांनी मान्य केलं. आपल्या पाकिटांवर ते आकडे अजून दिसतात.

आता पट्टी उलटी करा. माझ्यासमोर एक आहे. पुढच्या बाजूला नाव, सोनेरी. मागं बारीक अक्षरात: बीटा कॅरोटीन १० मिलिग्रॅम, झिंक, सेलेनियम, मँगनीज, तांबं. हे फिनलंडच्या मात्रेच्या निम्मं आहे, हे मान्य. पण निम्म्या मात्रेचा फायदा कुणी दाखवला आहे? अशाच दुसऱ्या एका पट्टीवर, त्याहून बारीक अक्षरात, इंग्रजीत, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषध म्हणून वापरू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरक पदार्थांवर हे छापावं लागतं, कारण कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, औषध नाही. औषध नाही म्हणून परवानगीसाठी औषधासारख्या चाचण्या नाहीत, आणि किमतीवर औषधासारखा लगाम नाही. आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळीवर दुकानदाराला १६ टक्के मिळतात. इथं कंपनी आणि दुकानदार आपसात ठरवतील ते. आणि औषध म्हणून वापरू नये असं छापलेली ही वस्तू विकली कशी जाते? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधांच्या दुकानात, औषधांच्या पिशवीत, '१-०-०' लिहून.

यात खोटं कुणीच बोललेलं नाही. कंपनीनं नियमाप्रमाणं छापलं, डॉक्टरांनी त्यांच्या मते घातक असं काही लिहिलं नाही, मी चिठ्ठीप्रमाणं दिलं. मुंबईपासून जिल्ह्यापर्यंत आपल्याकडं अन्न व औषध प्रशासन हे एकच खातं आहे, तरी ही वस्तू दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीत पडलेली आहे.

ती फट बुजवायला मोठा कायदा नको. बीटा कॅरोटीन असलेल्या प्रत्येक पट्टीवर मराठीत, पुढच्या बाजूला, 'विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी घेऊ नये' एवढं छापणं सक्तीचं करावं. आणि जे अन्न आहे ते डॉक्टरांनी चिठ्ठीत औषधांच्या रांगेत न लिहिता खाली वेगळं, 'पूरक, ऐच्छिक' असं लिहावं, म्हणजे पैसे कमी पडले की गिऱ्हाइकाला काय सोडायचं ते कळेल. कंपन्या म्हणतील खप पडेल. पडू दे. डॉक्टर म्हणतील पेशंट ताकदीचं मागतो. मागतो, हे खरं आहे, मीही तीस वर्षं तेच कारण सांगितलं.

दुकान मुलाकडं द्यायच्या आधीच्या वर्षी एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर महिन्याच्या महिन्याला यायचा. शर्टाच्या खिशात विड्यांचा कट्टा दिसायचा. मी एकदा विचारलं, "सुटली नाही का अजून?" म्हणाला, "नाही सुटत साहेब. पण ही गोळी चालू आहे ना." मग मी त्याला खुर्ची दिली आणि फिनलंडचं सगळं सांगितलं, जमेल तसं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डॉक्टरांनी दिली कशाला?" मी म्हटलं, त्यांनाच विचारा. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत ती ओळ नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात होती, दुसऱ्या कंपनीच्या नावानं.